झूची मेंबरशिप घेताय? आधी कुठल्या झूची, ते ठरवा

उन्हाळा जवळ आला की अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक प्रश्न हमखास येतो: "झूच्या तिकिटांसाठी कोणाकडे प्रोमो कोड आहे का?" कोड मिळालाच तर तिकिटामागे दोन-चार डॉलर सुटतात. खरा फरक पडतो तो मेंबरशिप कुठल्या झूची आणि कुठल्या लेव्हलची घेतली यावर. ते मात्र बहुतेक जण गेटवर रांगेत उभं राहून, मागून पोरं ओढत असताना ठरवतात.

असोसिएशन ऑफ झूज अँड अक्वेरियम्स, म्हणजे एझेडए, या संस्थेची रेसिप्रोकल यादी असते, म्हणजे एकमेकांच्या मेंबरांना सवलत देणाऱ्या झूंची यादी. एका झूचे मेंबर असाल तर यादीतल्या दीडशेहून जास्त झू आणि अक्वेरियममध्ये सवलत मिळते, बहुतेक ठिकाणी निम्म्या दरात प्रवेश. यादी नीट वाचा. काही नावांपुढे नुसतं ५० टक्के असतं, काहींपुढे १०० आणि ५० टक्के. तुमचं झू दुसऱ्या गटातलं असेल तर त्याच गटातल्या इतर झूमध्ये प्रवेश फुकट, बाकीच्यांत निम्मा. तुमचं झू ५० वालं असेल तर सगळीकडे निम्माच.

यातली मेख अशी की सवलत मेंबरशिपच्या किमतीवर ठरत नाही. छोट्या गावातल्या झूची स्वस्त मेंबरशिप आणि महानगरातल्या झूची महागडी मेंबरशिप, दोन्ही झू यादीच्या एकाच गटातली असतील तर परगावी सारखंच काम करतात. जवळचं मोठं झू वर्षातून एकदाच बघणार आणि सुट्टीत चार शहरं फिरणार असाल, तर छोट्या झूचा पर्याय आधी तपासा. पण दोन गोष्टी आडव्या येतात. शेजारच्या झूच्या मेंबरांना सवलत द्यायची नाही, अशी अट काही झू घालतात. आणि कुठलंही झू यादीतून कधीही बाहेर पडू शकतं. म्हणून निघण्याआधी फोन करा, आणि कार्डासोबत फोटो आयडी ठेवा. सवलत सहसा गेटवरच मिळते. ऑनलाइन पूर्ण दराचं तिकीट काढून मग परतावा मागत बसू नका. वेळेचा स्लॉट सक्तीचा असेल तर तो कसा घ्यायचा, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. पार्किंग आणि खास कार्यक्रम यात धरलेले नसतात.

सायन्स म्युझियमच्या कार्डावर झूमध्ये शिरायचा प्रयत्नही बरेच जण करतात. ती योजना वेगळी, एएसटीसी या सायन्स म्युझियमांच्या संस्थेची, आणि तिला ९० मैलांच्या आतल्यांना सवलत नाही असा नियम आहे.

आता हिशोब. समजा मोठ्यांचं तिकीट २५ डॉलर, मुलांचं १८, पार्किंग १२. दोन मोठे आणि दोन मुलं म्हणजे एका फेरीचे ९८. पार्किंगसकट फॅमिली मेंबरशिप १७५ ला असेल तर दुसऱ्या फेरीतच पैसे वसूल. त्यात पार्किंग नसेल तर दोन फेऱ्यांत वाचतात १७२, म्हणजे तिसरी फेरी करावीच लागते. आकडे तुमच्या झूचे घाला, रीत तीच. खाण्यावरची आणि गिफ्ट शॉपमधली १० टक्के सूट यात अजिबात धरू नका, ती जास्त खर्च करायला लावण्यासाठीच असते.

मुलाचं वय बघा. बहुतेक झूमध्ये दोन किंवा तीन वर्षांखालच्यांना तिकीटच नसतं. एवढंसं मूल असताना फॅमिली लेव्हल घेणं म्हणजे फुकटच्या माणसाचे पैसे भरणं. दोन मोठ्यांची लेव्हल पुरते. याउलट भारतातून आजी-आजोबा येणार असतील तर 'प्लस गेस्ट', म्हणजे सोबत पाहुणा नेता येणारी, लेव्हल बघा. कार्डावर नाव असलेल्या मोठ्यांनाच प्रवेश असतो, कार्ड उसनं देता येत नाही. त्या जादा लेव्हलची किंमत आणि त्यांची सुटी तिकिटं यांची तुलना करूनच ठरवा. ते एकदाच जाणार असतील तर बहुधा सुटी तिकिटंच परवडतात.

त्याच दिवशी तिकिटाचे पैसे मेंबरशिपमध्ये वळते करून देणारी झू पुष्कळ आहेत. मात्र बाहेर पडण्याआधी मेंबरशिपच्या खिडकीवर जावं लागतं, आणि कूपनचं किंवा दुसऱ्या साइटवरून घेतलेलं तिकीट बऱ्याचदा चालत नाही. मुदतही तपासा. काही ठिकाणी ती महिन्याच्या शेवटच्या तारखेला संपते, तिथे २९ तारखेला घेण्यापेक्षा पुढच्या महिन्याच्या १ तारखेला घेतली तर जवळजवळ महिना जास्त मिळतो. ऑटो-रिन्यू लावला असेल तर नोव्हेंबरमधल्या सेलआधी एकदा बघा, नाहीतर सेल लागतो आणि तुमचे पैसे पूर्ण दराने आधीच कापलेले असतात.

मेंबरशिप नको असेल तर गावच्या लायब्ररीत झूचा पास मिळतो का विचारा, शनिवार-रविवारचे पास लवकर उडतात. सॅन डिएगो झूमध्ये ऑक्टोबरमध्ये ११ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत असतो. इंडियानापोलिससारख्या झूमध्ये दिवसागणिक भाव बदलतो, तिथे आधी काढलेलं आणि आठवड्यातल्या मधल्या दिवसाचं तिकीट स्वस्त पडतं. ज्यांच्याकडे स्नॅप या सरकारी अन्न-मदत योजनेचं ईबीटी कार्ड आहे, त्यांना 'म्युझियम्स फॉर ऑल' योजनेत सहभागी झूमध्ये फुकट किंवा जास्तीत जास्त ३ डॉलरमध्ये प्रवेश मिळतो, सहसा एका कार्डावर चौघांना. ओळखीत कोणी असेल तर जरूर सांगा, ही योजना फार कमी जणांना माहीत असते.

काही झू मुळातच फुकट आहेत: शिकागोचं लिंकन पार्क, सेंट लुईस, वॉशिंग्टनचं नॅशनल झू. तिथे खर्च होतो तो गाडी उभी करण्याचा. नॅशनल झूला एका गाडीचे ३० डॉलर लागत आले आहेत, आणि प्रवेश मोफत असला तरी प्रत्येक माणसाचा, तान्ह्या बाळाचासुद्धा, पास आधी काढावा लागतो. मेट्रोने जाणार असाल तर रेड लाइनच्या क्लीव्हलँड पार्कला उतरा. स्ट्रोलर ढकलायचा असेल तर वुडली पार्क स्टेशनवरून येतानाचा चढ नको वाटतो.