धूर अल्पजीवी, तक्रार त्याहून अल्पजीवी

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. मला गजर लावावा लागत नाही, नाकच उठवतं. आधी ओल्या पाल्याचा गोडसर वास येतो, मग दुधाच्या पिशव्यांचा, मग कुणाच्या तरी बारशातल्या थर्माकोलच्या ताटल्यांचा. तोवर आतल्या खोलीत सासूबाईंचा खोकला सुरू झालेला असतो आणि मी अंधारात चाचपडत खिडक्या लावत सुटलेली असते. फेब्रुवारीत खरं तर पहाटेची गार हवा घ्यायला खिडक्या सताड उघड्या टाकाव्यात. आमच्याकडे त्या बंद करून, फटीत जुना टॉवेल कोंबून, वर नेब्युलायझर लावायचा. असं गेली तीन वर्षं, नोव्हेंबर ते मार्च, रविवारसकट.

खाली कोपऱ्यावर रेन ट्री आहे, त्याला लागून बदाम. दोघं मिळून या दिवसांत एवढा पाला टाकतात की रस्ता दिसत नाही. तो झाडला जातो, ढीग होतो, ढिगाला काडी लागते. संपली स्वच्छता. थंडीत वरची हवा झाकणासारखी बसलेली असते, त्यामुळे धूर वर जात नाही. तो आडवा पसरतो आणि नेमका तिसऱ्या मजल्यावर येऊन थांबतो. जणू पत्ता विचारूनच निघालाय.

झाडणाऱ्या मावशींवर माझा राग नाही, हे आधीच सांगते. पहिल्या वर्षी होता. तावातावाने खाली उतरले होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, सातला मुकादम येतो. त्याला रोड मोकळा दाखवावा लागतो. पोत्यात भरून ठेवला तर घंटागाडीवाला म्हणतो पाला घेणार नाय, आमचं ओला-सुका एवढंच आहे. मग मी घरी नेऊ का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या स्वतः त्या धुरात उभ्या, तोंडाला पदर. कंत्राटावर. मास्कसुद्धा नाही.

मग मुकादमाला गाठलं. तो म्हणाला, "मॅडम, पाला उचलायला वेगळी गाडी पायजे, ती सँक्शन नाही. वर बोला." वर म्हणजे महापालिकेचं ॲप. ॲपवर फोटो टाकला, लोकेशन टाकलं, तक्रार क्रमांक आला, छाती भरून आली. ४८ तासांत मेसेज: "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." सोबत पुरावा म्हणून स्वच्छ रस्त्याचा फोटो. रस्ता खरंच स्वच्छ होता, मधोमध एक तांबडं कुत्रं निवांत झोपलेलं. फक्त तो रस्ता आमचा नव्हता! आमच्याकडे निळा पिंप आहे, पानाची टपरी आहे आणि कुत्रं काळं आहे. आत्तापर्यंत चौदा तक्रारी केल्या, चौदाही निकाली. धूर आहे तिथेच.

आणि आता खरी मळमळ सांगते. माझ्या या काडीची चिंता जगाने केव्हाच करून ठेवली आहे. काजळी, मिथेन, जमिनीलगतचा ओझोन आणि एसी-फ्रिजमधले एचएफसी वायू, या चौघांना मिळून 'अल्पजीवी हवामान प्रदूषक' असं भारदस्त नाव आहे. कार्बन डायऑक्साइड एकदा हवेत गेला की शतकानुशतकं ठाण मांडतो. हे तसे नाहीत. काजळी काही दिवसांत, फार तर एकदोन आठवड्यांत खाली बसते. मिथेन साधारण बारा वर्षं टिकतो, पण पहिल्या वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पट तापवतो. मग हे आज थांबवलं तर फरक कधी दिसेल? आपल्या हयातीत, नातवंडांची वाट न बघता. काजळीचं तर अजूनच सोपं. आज काडी लावली नाही तर उद्या सकाळी सासूबाई खोकणार नाहीत. हवामानबदलाच्या सगळ्या रडगाण्यात इतकं रोख पैसे देणारं काम दुसरं नसेल.

२०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने आणि जागतिक हवामानशास्त्र संघटनेने मिळून १६ उपायांची यादीच दिली. ते केले तर २०५० पर्यंत अर्धा अंश तापमानवाढ टळेल आणि वर्षाला सुमारे २४ लाख अकाली मृत्यू वाचतील, असा अंदाज होता. त्या यादीत काय होतं? अग्निबाण नव्हते. डिझेलच्या धुराला गाळणी, सुधारलेल्या वीटभट्ट्या, बिनधुराच्या चुली, शेतातला काडीकचरा जाळायला बंदी, आणि ओला कचरा वेगळा काढून त्याची नीट विल्हेवाट. थोडक्यात, माझी आजी जे सांगायची तेच, फक्त जाड कागदावर.

लगेच पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१२ मध्ये, बांगलादेश, कॅनडा, घाना, मेक्सिको, स्वीडन आणि अमेरिका या सहा देशांनी त्यासाठी क्लायमेट अँड क्लीन एअर कोअलिशन ही आघाडी काढली. बांगलादेश आणि घाना पहिल्या पंगतीला, हे लक्षात घ्या. आपण २०१९ मध्ये गेलो. त्याच वर्षी जानेवारीत आपला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमही आला. म्हणजे कागद भरपूर, सह्या भरपूर, बैठका तर विचारू नका. आणि या सगळ्या उतरंडीच्या तळाशी काय हवंय? एक गाडी, जी पाला उचलेल. ती मात्र सँक्शन नाही.

पैसा नाही म्हणून ओरड असेल तर तीही खोटी. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०२४ मध्ये या राष्ट्रीय कार्यक्रमाचा हिशेब तपासला. खर्चातला ६४ टक्के पैसा रस्त्यावरच्या धुळीवर गेला होता. धूळ! रस्ते झाडणारी यंत्रं, पाण्याचे फवारे, चौकातली कारंजी. कारण सोपं आहे. शहरांची प्रगती मुख्यतः पीएम १० वर मोजली, म्हणजे जाड्या कणांवर. काजळी असते पीएम २.५ मध्ये, बारीक, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसणारी. जाड्या कणावर पाणी मारलं की आकडा खाली येतो आणि साहेबांना टाळ्या मिळतात. बारीक कण मोजायचाच नाही, मग तो आहे हे सिद्ध कोण करणार? माझ्या सासूबाईंचं एक्स-रे पाकीट कुणी मोजमापात धरत नाही.

तसं मापही आपण सोयीचं ठेवलंय. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून म्हणते, पीएम २.५ वर्षभराच्या सरासरीत घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर नको. आपली मर्यादा ४०. आठपट! तरीही ती ओलांडली जाते. परीक्षेत पास व्हायला पस्तीसऐवजी चार मार्क ठेवायचे आणि तरी नापास व्हायचं, हे आपल्यालाच जमू जाणे.

कायदा नाही असंही नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच सांगितलंय, उघड्यावर कचरा जाळला तर ५ हजार दंड, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५ हजार. आता गंमत बघा. जाळतंय कोण? ज्यांनी दंड करायचा त्यांचीच माणसं. मुकादमाने पावती फाडायची तर स्वतःच्याच नावाने. मी एकदा एका साहेबांना फोनवर हे विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार खोलात जाता."

बरं, जाळू नका म्हणून डेपोत नेऊन टाकलं की प्रश्न सुटला, असंही नाही. ओला कचरा थरावर थर दाबला की आत हवा लागत नाही, तो सडतो आणि मिथेन सोडतो. मग एक दिवस तो मिथेनच पेटतो. मुंबईच्या देवनार कचराडेपोत हेच झालं. १९२७ पासूनचा डोंगर, जानेवारी २०१६ मध्ये असा धुमसला की धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अवकाशातून दिसलेला धूर तिथल्या शिवाजीनगर-गोवंडीच्या लोकांना त्याआधी कितीतरी वर्षं घरातूनच दिसत होता, पण त्यांच्या छतावर उपग्रह नव्हता.

ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ मध्ये शंभराहून जास्त देशांनी प्रतिज्ञा केली, २०३० पर्यंत मिथेन २०२० च्या तुलनेत ३० टक्के कमी करू. भारताने सही केली नाही. भात आणि जनावरं ही आपल्या छोट्या शेतकऱ्याची भाकरी आहे, त्यावर बोट ठेवू देणार नाही, असं म्हणणं. मला हे पटतं, खरंच पटतं. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईने अमेरिकेच्या तेलविहिरींची गळती का भरून द्यायची? पण मग शहरातल्या कचऱ्याच्या डोंगराला कोणती म्हैस आडवी येते? तिथे शेतकऱ्याचं नाव पुढे करून आपण सगळे सुटतो, आणि डोंगर वाढत राहतो.

सगळे म्हणजे मीही. आमच्या सोसायटीत खताचा खड्डा आहे, चांगला विटांचा. मालमत्ता करात सूट मिळते म्हणून बांधला. तपासणीच्या दिवशी त्यात हिरवा पाला टाकून फोटो काढला. आता त्यात चेअरमनकाकांच्या फुटक्या कुंड्या आणि एक कमोड आहे. सभेत मी विषय काढला तर काका म्हणाले, "अगं, थोड्या धुराने काय होतंय? डास जातात. आमचं सगळं आयुष्य चुलीच्या धुरात गेलं." त्यांचं नाही हो गेलं, त्यांच्या आईचं गेलं. काका ओसरीवर बसून ताटाची वाट बघत होते. माझ्या आजीचे डोळे पन्नाशीतच कायम लाल असायचे, स्वयंपाकघराची आढी काळीकुळकुळीत, हात लावला तर बोट बरबटायचं. ती काजळी भिंतीवर जेवढी, तेवढीच आत.

आणि आता तीच चूल परत फॅशनमध्ये आली आहे. हायवेला लागा, दर दोन किलोमीटरवर फलक: चुलीवरचं मटण, चुलीवरची मिसळ, परवा तर चुलीवरचा चहा पाहिला. गाडीतून उतरून लोक फोटो काढतात, पन्नास रुपये जास्त मोजतात. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भाकऱ्या थापणारी बाई खोकतेय ती फोटोत येत नाही. गावात बायकांच्या घरी गॅस पोचावा म्हणून २०१६ पासून सरकार उज्ज्वला योजना राबवतंय, आणि शहरात आपण धुराला चव म्हणून बिल देतोय.

एसीचं तर बोलायलाच नको. गेल्या एप्रिलमध्ये सर्व्हिसिंगला पोरगा आला. "गॅस बदलावा लागेल, मॅडम." नळी काढली आणि जुना गॅस फिस्स करून बाल्कनीतून सोडून दिला. मी म्हटलं, अरे भरून नेत नाहीस? तो माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी त्याला श्वास पिशवीत भरायला सांगितलं. याच एचएफसी वायूंसाठी ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडाच्या किगालीत जगाने रात्रभर जागून करार केला. आपण २०२१ मध्ये मान्यता दिली, २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात करणार आहोत. त्या पोराला किगाली कुणी सांगितली नाही आणि जुना गॅस ओढून घेणारं यंत्रही कुणी दिलं नाही. त्याला दिवसाला सात कॉल मारायचे असतात. मी तरी काय केलं? पैसे दिले आणि एसी लावला. कारण बाहेर धूर होता.

तर या वर्षी ठरवलं, रडणं बास. मावशींशी बोलले, बाजारातून पंधरा पोती आणली, दर पोत्याला बारा रुपये, खिशातून. मी, मावशी आणि दुसऱ्या मजल्यावरची कॉलेजची मुलगी, तिघींनी मिळून पाला भरला. एका नर्सरीवाल्याशी बोलले, तो खतासाठी नेणार होता, शनिवारी टेम्पो पाठवतो म्हणाला. पोती गेटच्या आत भिंतीला ओळीने लावली. चार दिवस धूर नाही. सासूबाई चौथ्या दिवशी सकाळी बाल्कनीत चहा घेऊन बसल्या. कितीतरी महिन्यांनी.

शनिवारी टेम्पो आला नाही, रविवारीही नाही. सोमवारी पहाटे सहा वाजून दहा मिनिटांनी तोच वास. धावत खाली गेले. थंडी होती म्हणून आमच्याच वॉचमनने शेकोटी केली होती. पाला आयता भरलेला, वाळलेला, हाताशी. त्याने पोत्यासकटच टाकला.

पोती प्लास्टिकची होती.