काळीचं दुखणं काळीपेक्षा हजारो वर्षांनी मोठं आहे

आमच्या गल्लीतली काळी नावाची कुत्री बसून उठली की फरशीवर रक्ताचे दोन-चार थेंब दिसायचे. "माजावर आली असेल" म्हणून मी महिनाभर दुर्लक्ष केलं. रोज खायला घालणारी मीच, तरी. एकदा शेपटी वर झाली तेव्हा दिसलं: फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी लालभडक गाठ, हात लागला की रक्त. तोवर सोसायटीच्या ग्रुपवर "रोगट कुत्री उचलून न्या" सुरू झालं होतं. एका काकांनी तर पोरांना कॅन्सर होईल असं जाहीर करून टाकलं.

काका, काळीचा हा कॅन्सर माणसांना होत नाही. कुत्र्यांना मात्र एकमेकांपासून खरंच लागतो, आणि तोही विषाणूमुळे नाही. कॅन्सरच्या जिवंत पेशीच एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाऊन रुजतात. मुख्यतः जुगताना, पण चाटता-हुंगतानाही. म्हणून कधी गाठ नाकात होते आणि घोळणा फुटल्यासारखं रक्त येतं. डॉक्टर याला टीव्हीटी (ट्रान्समिसिबल व्हेनेरियल ट्यूमर, म्हणजे जुगण्यातून पसरणारी गाठ) म्हणतात.

खरी गंमत पुढे आहे. (गंमत कसली म्हणा!) काळीच्या गाठीतल्या पेशी काळीच्या नाहीतच. २००६ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या गाठींचा डीएनए तपासला, तर तो गाठींचा आपसात जुळला, ज्यांच्या अंगावर त्या होत्या त्या कुत्र्यांशी नाही. २०१९ च्या संशोधनाप्रमाणे ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी आशियातल्या कुठल्याशा एका कुत्र्यात हा सुरू झाला. ते कुत्रं कधीच मेलं, त्याची गाठ मात्र परकायाप्रवेश करत अजून जिवंत आहे.

टास्मानियन डेव्हिल नावाच्या प्राण्यांतही असाच एक कॅन्सर १९९६ मध्ये पहिल्यांदा दिसला. ते भांडताना एकमेकांच्या तोंडाला चावतात, गाठी तोंडावरच येतात, खाता येत नाही, बहुतेक मरतात.

कुत्र्यांचं नशीब त्या मानाने बरं. व्हिनक्रिस्टिन नावाचं इंजेक्शन, आठवड्याला एक, साधारण चार ते सहा वेळा, आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. हे औषध सदाफुलीपासून मिळतं. हो, तीच कुंपणाकडेची, कोणी पाणी घातलं नाही तरी फुलणारी! पण ते शिरेतच जावं लागतं, बाहेर सांडलं तर मांस जळतं. म्हणजे दर रविवारी काळीला चादरीत गुंडाळून धरणं आलं. कॅन्सरपेक्षा मला तेच जड गेलं.

आता माझ्याच जातभाईंना, म्हणजे बिस्किटवाल्यांना. रोज डोक्यावरून हात फिरवता, तसं शेपटीखालीही बघत जा. बरी झाली की नसबंदी करून घ्या, जुगणंच थांबलं की हा रोग पसरायचा मुख्य रस्ता बंद. आणि "उचलून न्या" वाल्यांनो, काळीला दुसऱ्या गल्लीत सोडलं असतं तर गाठही तिकडे गेली असती.

तिसऱ्या इंजेक्शनला गाठ सुपारीएवढी उरली होती. चौथ्यानंतर सापडलीच नाही. काळी आता झकास आहे. फक्त माझ्या हातात चादर दिसली, मग ती वाळत घालायची का असेना, की बाई थेट नाक्यापर्यंत पळतात.