फोन लागत नाही, म्हणून पोस्टमार्केटओएस संपली?

पोस्टमार्केटओएस म्हणजे फोनवर अँड्रॉइडऐवजी चालणारी लिनक्स प्रणाली. जुन्या फोनवर लिनक्स चढवणाऱ्यांमध्ये तिच्याबद्दल एक दावा जोरात फिरतोय: ‘पोस्टमार्केटओएसला भवितव्य नाही. फोन लागत नाही, ॲप नाहीत, त्यात सिस्टिमडी (प्रणाली सुरू करून तिच्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) आणून हलकेपणाही घालवला. अँड्रॉइडच्याच पायावर बांधली असती तर आज कुठल्या कुठे असती.’

शेवटचा मुद्दा आधी घेतो, खरी गोम तिथे आहे. पोको एफ1 घ्या. ऑगस्ट 2018 मध्ये अँड्रॉइड 8.1 घेऊन भारतात आला, 10 पर्यंत पोचला आणि अधिकृत अपडेट थांबले. आतला कर्नल, म्हणजे हार्डवेअर हाताळणारा प्रणालीचा गाभा, 4.9 चा, त्यावर चिपवाल्याची आणि फोनवाल्याची ठिगळं. अँड्रॉइडच्या पायावर बांधायचं म्हणजे हाच कर्नल आणि सोबतचे बंदिस्त ड्रायव्हर गळ्यात घ्यायचे. रंग नवा, जोतं तेच. उबुंटू टच ही फोनसाठीची दुसरी लिनक्स प्रणाली हॅलियम या अँड्रॉइडचे ड्रायव्हर वापरू देणाऱ्या जोडथरामार्फत याच वाटेने जाते. तिला फायदाही होतो, काही फोनांवर व्होल्टी (4जीवरून होणारा कॉल) सुद्धा चालतं.

पोस्टमार्केटओएसने मात्र 2017 साली पहिल्याच जाहीर लेखात फोन दहा वर्षं टिकवायचं ठरवलं. ते साधायचं तर त्या फोनचा आधार लिनक्सच्या मूळ, सतत अद्ययावत होणाऱ्या कर्नलमध्येच जायला हवा. काम किचकट आहे. एफ1 वर ही प्रणाली चढवायच्या आधी पडदा तिआन्माचा की ईबीबीजीचा हे शोधावं लागतं. मॉडेल एक, पडदे दोन कंपन्यांचे, आणि चुकीचा पर्याय निवडलात तर चित्र दिसत नाही. कुणीतरी बसून असा एकेक गुंता सोडवलाय.

‘फोन लागत नाही’ हे अर्धं खरं, आणि आपल्याकडे अर्ध्याहून जास्त. 2जीवरचा कॉल मोडेम (नेटवर्कशी बोलणारी चिप) जवळजवळ स्वतःच्या बळावर लावतो. व्होल्टीला आयएमएसवर, म्हणजे नेटवर्कच्या इंटरनेटवरून कॉल जोडणाऱ्या यंत्रणेवर, वेगळी नोंदणी लागते. बऱ्याच फोनांत तिचा काही भाग अँड्रॉइडच्या बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये असतो, शिवाय प्रत्येक नेटवर्कची तऱ्हा निराळी. जिओ 2016 मध्ये सुरू झालं तेच निव्वळ व्होल्टीवर, खाली उतरायला 2जी-3जी नाहीच. म्हणून इंटरनेट सुसाट आणि कॉल गप्प, असं होऊ शकतं. लिनक्ससाठीच बनवलेल्या पाइनफोनच्या मोडेममध्ये व्होल्टीची सोय आहे, म्हणजे हे अशक्य नाही. माझं मत विचाराल तर यापुढची सगळी ताकद इथेच लावावी. फॉश, प्लाझ्मा मोबाइल, एसएक्समो, नोम असे चेहरे (पडद्यावर दिसणारे इंटरफेस) भरपूर झाले, आता आवाजाकडे बघा.

ॲपचं म्हणाल तर वेड्रॉइडमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आत अँड्रॉइड चालवणाऱ्या साधनात, अँड्रॉइडची बरीच ॲप चालतात. यूपीआयच्या भरवशावर राहू नका. ते सिमवरून एसएमएस पाठवून खातं जोडतं आणि तिथेच गाडी अडते. भाजीवाल्याला स्कॅन करून पैसे देणाऱ्याने हा आपला एकमेव फोन करू नये, एवढं मीही सांगेन.

राहिलं सिस्टिमडी. मार्च 2024 मध्ये जाहीर केलं ते मुख्यतः नोम आणि प्लाझ्मासाठी, कारण त्यांच्या बऱ्याच गोष्टी सिस्टिमडी गृहीत धरतात. ज्याला नको त्याने एसएक्समो घ्यावं, सिस्टिमडीचा पर्याय असलेलं ओपनआरसी त्याच घोषणेत शाबूत ठेवलं होतं.