पुसलेला नंबर परत हजर

वैताग आलाय नुसता! मावशीचा बंद झालेला नंबर फोनमधून काढून टाकला. मग घरात पडून असलेला जुना टॅब्लेट चालू केला, तर त्यानं तो नंबर पुन्हा सगळीकडे पोचवला. आता मावशी तीन ठिकाणी आहे: सिमकार्डात, फोनमध्ये आणि ईमेल खात्यात. घाईत फोन लावायला जावं तर नेमका बंद नंबरच वर येतो.

ब्राउझरचं तर विचारूच नका. ऑफिसात एक, फोनवर दुसरा. याचे बुकमार्क त्याला दिसत नाहीत, त्यातले पासवर्ड याला ठाऊक नाहीत. एका ब्राउझरमधून बुकमार्कांची फाइल काढून दुसऱ्यात भरता येते, पण ती त्या दिवसापुरती नक्कल. उद्या काही बदललं की पुन्हा तीच उस्तवार.

आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांत माहिती आपोआप सारखी ठेवणं जमण्यासारखं नाही असं थोडंच आहे? कॅलेंडरसाठी कॅलडॅव्ह हे खुलं मानक, म्हणजे कुठल्याही कंपनीला वापरता येईल अशी ठरलेली पद्धत, २००७ साली आलं, संपर्कांसाठी कार्डडॅव्ह २०११ साली. बुकमार्कांच्या बाबतीत मात्र ज्याचं त्याचं कुंपण वेगळं. सगळीकडे एकाच कंपनीचा ब्राउझर वापरला तर सुरळीत चालतं म्हणे. पण माझ्याच गोष्टी माझ्याच दोन यंत्रांत सारख्या ठेवायला मी कुणाच्या दावणीला का बांधून घ्यायचं?