बाबांचा अंगठा

मागच्या जूनमध्ये आमच्या कोथरूडच्या फ्लॅटचं ॲग्रीमेंट झालं. एजंटचा मुलगा लॅपटॉप आणि थम्बचं मशीन घेऊन आईबाबांकडे सहकारनगरला आला होता. भाडेकरूचा ठसा पहिल्या फटक्यात लागला. बाबांचा लागेना. ओल्या फडक्याने पुसून झालं, खोबरेल लावून झालं, डावा झाला, उजवा झाला. आठव्या की नवव्या वेळी एकदाचा आधारशी जुळला. मी नेदरलँड्समधल्या ॲम्स्टलव्हीनमधून व्हिडिओ कॉलवर बघत होतो. घर माझं, हप्ते मी फेडलेले, आणि अंगठा ७६ वर्षांच्या बाबांचा.

तेव्हापासून डोक्यात आहे ते लिहितो. 'पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिलाय' असं आपण बाहेर राहणारे सहज म्हणतो. आपण काही दिलेला नसतो. आईवडिलांनी, दिराने, नाहीतर मेव्हण्याने दिलेला असतो, तोही फुकटात.

माझा वाटा सांगू? एक दिवस रजा काढून हेगच्या दूतावासात गेलो, कुलमुखत्यारपत्र (माझ्या वतीने बाबांना व्यवहार करता यावेत म्हणून) साक्षांकित केलं आणि कुरियर केलं. संपलं. असं पत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, ती धावपळ बाबांची. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती, बाबा. सोसायटीने नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात तो) जवळजवळ मेंटेनन्सएवढा लावला, तेव्हा २००१चा शासनाचा आदेश (सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही) कमिटीपुढे ठेवून वाईटपणा घेतला, तोही बाबांनीच. जुलैत आमच्या बाथरूममधून खालच्यांच्या छताला ओल आली. खालच्या काकूंचा फोन मला नाही आला. बाबा भर पावसात रिक्षाने गेले, प्लंबरची तीन तास वाट पाहिली, आणि मला रात्री सांगितलं, "झालं रे काम. तेवढंच फिरणं झालं." गुडघ्याचं आईने सांगितलं.

बरं, हे सगळं कशासाठी? भाडं महिना २८,०००. भाडेकरू बदलला की एक महिना घर रिकामं, एक महिन्याचं भाडं एजंटला. मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स (स्वतः राहणाऱ्याला मिळणारी ४० टक्के सवलत गेली), रंग, गीझर. वर्षाकाठी जेमतेम दोन लाख उरतात. फ्लॅटची आजची किंमत धरली तर दोन टक्क्यांच्या आसपास. बाबांची बँकेतली ठेव याहून जास्त देते, आणि तिची टाकी गळत नाही.

आता टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घ्यायचा आयकर. मालक अनिवासी असला की भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के कापून सरकारात भरायचे असतात. अमुक रकमेपर्यंत सूट, असा प्रकार नाही. त्यासाठी बिचाऱ्याने टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) काढायचा, दर तिमाहीला विवरण भरायचं. एक छान जोडपं टोकन देऊन गेलं होतं. त्यांच्या ओळखीच्या सीएने हे समजावलं आणि ते दुसऱ्या दिवशी टोकन परत मागायला आले. मी दिलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही पळालो असतो.

यावरची पळवाट सगळ्यांना माहीत आहे: भाडं वडिलांच्या खात्यात घ्यायचं. पहिली दोन वर्षं मीही तेच केलं. घर माझ्या नावावर, उत्पन्न त्यांच्या खात्यात, आणि उद्या नोटीस आली तर उत्तर द्यायला तेच. लाज वाटते, पण केलं. आता भाडं माझ्या एनआरओ खात्यात (अनिवासींचं, भारतातल्या कमाईसाठीचं बँक खातं) येतं, टीडीएसचं एजंट फोनवरच सांगतो, आणि भाडेकरूच्या सीएची फी मी देतो. माझं भारतातलं करपात्र उत्पन्न इतकं कमी आहे की कापलेले पैसे रिटर्न भरल्यावर परत मिळतात. कमी दराने कापण्याचा दाखला आधीच काढता येतो. यंदा तो अर्ज केलाय.

माझं मत विचाराल तर चांगला भाडेकरू टिकवा. दर अकरा महिन्यांनी हजार-दोन हजार वाढवायच्या नादात त्याला घालवलात, तर पुढच्या अंगठ्यापासून सगळं पुन्हा सुरू. आणि जो धावपळ करतो त्याला पैसे द्या. नात्यातला घेणार नाही, म्हणून बाहेरचा माणूस नेमा. 'कमिशनमध्ये फायदा जातो' म्हणणाऱ्यांनी आधी वडिलांच्या रिक्षांचा हिशेब मांडावा.

मी गेल्या महिन्यात नेमला एक मुलगा, महिन्याला ठरलेली रक्कम. बाबांना फोनवर सांगितलं तर जरा वेळ गप्पच. मग म्हणाले, "त्याला मेन कॉक कुठाय ते माहितीये का?"

शनिवारी तो ओल बघायला गेला होता. बाबा त्याच्या आधी जाऊन थांबले होते.