वीज साठवणुकीचा मुद्दा मागेच राहिला

पर्यावरणपूरक वीजनिर्मितीवरील उद्योग परिषदेच्या वृत्तांतात सौर प्रकल्पांच्या मेगावॉटचे आकडे भरपूर आहेत. मात्र सूर्य मावळल्यावर वाढणारी मागणी कशी भागवायची, याविषयी जेमतेम एक वाक्य आहे. वास्तविक घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन (म्हणजे पाणी वर चढवून वीज साठवण्याचा) प्रकल्प सह्याद्रीत २००८ पासून आहे. मागणी कमी असताना कोकणाकडील खालच्या धरणातले पाणी वरच्या धरणात चढवायचे आणि गरजेच्या वेळी तेच टर्बाइनवर सोडायचे, अशी ही व्यवस्था. चढवण्यासाठी लागणारी वीज परत मिळणाऱ्या विजेहून अधिक असते, हे खरे. परंतु ती दुपारच्या स्वस्त सौरविजेतून घेतली, तर हिशेब बदलतो. असे नवे प्रकल्प घाटमाथ्यावर आल्यास तिथल्या जंगलाचे काय, हेही परिषदेत कोणीतरी विचारायला हवे होते.