फोटोतलं ते रोप भुईआवळा नव्हे

‘कुंडीत आपोआप उगवणारं हे रोप म्हणजे भुईआवळा, काविळीवर रामबाण, उपटून रस प्या’ असा फोटो सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. फोटोतलं रोप मोठी नायटी, म्हणजे दुधी नावाचं तण आहे (दुधी भोपळा नव्हे). देठ मोडा: पांढरा चीक आला की दुधी. भुईआवळ्याला चीक नसतोच. दुधीचं खोड तांबूस, केसाळ. पानं समोरासमोर आणि बेचक्यात फुलांचे गुच्छ. भुईआवळ्याची डहाळी उलटी करून बघा, पानांखाली मोहरीएवढे हिरवे आवळे ओळीनं लटकलेले दिसतात. आमच्या जास्वंदीच्या कुंडीत दोघं शेजारीच नांदतात, त्यामुळे घोटाळा समजू शकतो. पण दुधीचा चीक डोळ्यांना झोंबतो, आणि काविळीत आधी रक्ततपासणी लागते, रस नव्हे.